ठपका ठेवण्याआधी

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय, मुंबई.



इंग्रजी निकालपत्रे मराठीत आणणे हे माझे काम आहे. आपल्याला लिहायचे कारण एक इंग्रजी शब्द आहे: 'ॲनिमॅडव्हर्ट'. नाम करायचे तर 'ॲनिमॅडव्हर्जन'. रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही तो वर्षानुवर्षे भेटत नाही आणि बोलण्यात तर तो कोणाच्याच नसतो. भारतातल्या न्यायालयांत मात्र तो आजही नांदतो आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ सालच्या एका निकालातल्या एका वाक्यात तो बसला आहे. न्यायालयाने आपल्याबद्दल वाईट लिहिले म्हणून ते काढून टाकावे अशी विनंती घेऊन कोणी वरच्या न्यायालयात गेले की ते वाक्य पुन्हा बाहेर येते आणि त्याच्याबरोबर हा शब्दही.

शब्दकोशात त्याचा अर्थ 'टीका करणे, दोष देणे, प्रतिकूल मत मांडणे' असा सापडेल. तेवढ्याने माझे भाषांतर भागते, पण शब्दाचे म्हणणे पुरे होत नाही. हा शब्द लॅटिनमधला. 'अनिमुस' म्हणजे मन, 'आद' म्हणजे कडे आणि 'व्हेर्तेरे' म्हणजे वळवणे. मन एखाद्या गोष्टीकडे वळवणे, तिच्याकडे लक्ष देणे हा मूळ अर्थ. रोमन लेखकांच्या गद्यात हे क्रियापद साध्या 'लक्षात आले' या अर्थानेही येते. पुढे सत्ताधाऱ्याचे लक्ष जाणे आणि शिक्षा होणे यांतले अंतर मिटत गेले आणि रोमच्या कायद्यात तोच शब्द शिक्षेसाठी, पुष्कळदा देहदंडासाठीही, वापरला जाऊ लागला. इंग्रजीत तो आला तेव्हा दोन्ही अर्थ घेऊन आला. सुरुवातीला नुसते 'निरीक्षण' असाही त्याचा अर्थ होता, पण तो झिजून गेला. १७५५ सालच्या आपल्या कोशात सॅम्युएल जॉन्सनने त्याच्यापुढे कडक दोषारोप आणि शिक्षा हे अर्थ नोंदले आहेत.

मराठी माणसाला हा प्रवास परका वाटू नये. 'आम्ही या गोष्टीची दखल घेऊ' असे साहेब म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ कळतात: लक्ष देऊ आणि कारवाईही करू. पोलीस ठाण्यातून कोणाला 'समज देऊन' सोडतात तेव्हा त्या समजेत समजावणे किती आणि दटावणे किती हे ज्याचे त्याला माहीत असते. आपल्याकडे नापसंतीचे शब्द भरपूर आहेत. कानपिचक्या, कानउघाडणी, खरडपट्टी, झाडाझडती ही चढती भाजणी प्रत्येक कचेरीत पाठ असते. 'ठपका' त्याहून वेगळा, कारण तो कागदावर राहतो. आणि न्यायालयाच्या बाबतीत वर्तमानपत्रांनी एकच शब्द पक्का केला आहे, तो म्हणजे ताशेरे. 'न्यायालयाने ताशेरे ओढले' हे शीर्षक वाचले की पुढची बातमी न वाचताही त्या माणसाचे काही खरे नाही असे लोक धरून चालतात.

ॲनिमॅडव्हर्ट या क्रियापदाचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. ते कर्म घेत नाही. एखाद्या माणसाला ॲनिमॅडव्हर्ट करता येत नाही, कशा'वर' तरी करावे लागते आणि कायद्याच्या भाषेत ते 'कशावर' म्हणजे वागणूक. १९६३ च्या निकालातही तसेच आहे: 'त्या वागणुकीवर'. म्हणजे आधी मन वळवायचे, मग बोलायचे, आणि बोलायचे ते माणसाच्या कृतीबद्दल, त्याच्या जातकुळीबद्दल किंवा अख्ख्या खात्याबद्दल नव्हे. ही शिस्त शब्दात आधीपासून आहे आणि ती आपल्या अखत्यारीतल्या प्रत्येक न्यायालयात दिसावी एवढ्यासाठी मी लिहीत आहे.

तो निकाल उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मोहम्मद नईम. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्यापुढे एका पोलीस अधिकाऱ्याचे प्रकरण होते. मुल्ला नामवंत उर्दू कवी होते, शब्दाचे वजन त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. प्रकरण एका अधिकाऱ्याचे असताना त्यांनी निकालात साऱ्या पोलीस दलाबद्दल लिहिले की गुन्ह्यांच्या बाबतीत देशातली कोणतीही बेकायदा टोळी या संघटित दलाच्या जवळपासही येणार नाही. राज्य सरकारने हे शेरे काढून टाकण्याची विनंती आधी त्यांच्याकडेच केली. त्यांनी ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. के. दास यांनी १५ मार्च १९६३ रोजी निकाल दिला आणि साऱ्या दलावरचे शेरे काढून टाकले. मुल्लांचे ते वाक्य मात्र आजही भाषणांतून आणि लेखांतून फिरते. ते काढून टाकले गेले होते हे फार थोड्यांना माहीत असते.

त्या निकालाने घालून दिलेल्या कसोट्या आपल्याला माझ्याकडून ऐकण्याची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून सांगते. ज्याच्याबद्दल लिहायचे तो माणूस न्यायालयापुढे आहे का, किंवा त्याला आपली बाजू सांगायची संधी मिळाली आहे का? त्याच्या वागणुकीबद्दल तसे म्हणायला नोंदीवर पुरावा आहे का? आणि त्या वागणुकीवर ॲनिमॅडव्हर्ट करणे खटल्याच्या निर्णयासाठी, निर्णयाचाच एक भाग म्हणून, आवश्यक आहे का? यांच्या जोडीला न्यायालयाने हेही म्हटले की निकालाची भाषा न्यायाधीशाला शोभेल अशी संयत असावी. आमच्या कामात मला तिसरी कसोटी सगळ्यात अवघड वाटते. पहिल्या दोन कागद तपासून कळतात. तिसरीसाठी न्यायाधीशाला स्वतःच्या वाक्यासमोर थांबून विचारावे लागते की हे मी निर्णयासाठी लिहीत आहे की मला राग आला म्हणून.

ताशेरे कोणाच्या वाट्याला येतात हे रोज निकाल वाचणाऱ्याला दिसते. आरोपीच्या वाट्याला शिक्षा किंवा सुटका येते. ताशेरे येतात ते फौजदाराच्या, पंचाच्या, तलाठ्याच्या, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या, कधी फितूर म्हणून घोषित झालेल्या साक्षीदाराच्या वाट्याला. हे लोक खटल्यात पक्षकार नसतात, म्हणून त्यांना अपील करता येत नाही. उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराला साद घालावी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ होते, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८ आहे. त्यासाठी वकील लावायचा, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा आता कोल्हापूरला खेटे घालायचे, आणि तोवर खात्याची कारणे दाखवा नोटीस हातात पडलेली असते.

अशाच एका हवालदाराने स्वतःबद्दलचा परिच्छेद माझ्याकडून मराठीत करून घेतला होता. निकाल एका सत्र न्यायालयाचा होता, इंग्रजीत. मुद्देमाल प्रयोगशाळेत पोहोचवायला उशीर झाला आणि त्यावरून त्याच्या सचोटीबद्दल गंभीर शंका येते असे त्यात लिहिले होते. तो साक्षीला उभा राहिला होता. उशिराबद्दल त्याला ना सरकारी वकिलांनी विचारले, ना उलटतपासणीत कोणी. प्रयोगशाळेने पहिल्या दिवशी नमुने घेतले नव्हते, परत नेऊन ठाण्यात जमा करावे लागले होते आणि तशी नोंद ठाण्याच्या डायरीत होती, असे त्याचे म्हणणे. ते खरे की खोटे हे मला ठरवता येणार नाही. पण ते ठरवण्याची जागा न्यायालय होती, आणि तिथे तो प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही. परिच्छेद मराठीत वाचून झाल्यावर त्याने विचारले, "हे लिहायच्या आधी मला एकदा विचारायचं नाही का, ताई?" पहिली कसोटी त्याने कधी वाचलेली नव्हती, तरी नेमके तेच विचारले.

महोदय, न्यायालयांनी गप्प बसावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. महाराष्ट्राने प्रतिकूल निष्कर्षांची ताकद पाहिली आहे. जानेवारी १९८२ मध्ये याच उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी सिमेंट वाटपाच्या प्रकरणात निकाल दिला आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. १९८६ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतल्या गुणांच्या फेरफाराच्या प्रकरणात याच न्यायालयाच्या प्रतिकूल अभिप्रायानंतर शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी राजीनामा दिला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुख्यमंत्र्यांविरुद्ध असे लिहायला धैर्य लागते आणि ते या न्यायालयाने दाखवले याचा मला अभिमान आहे. पण मुख्यमंत्र्यांना वकील होते, वरच्या न्यायालयाची वाट माहीत होती, वर्तमानपत्रांत आपली बाजू मांडता येत होती. हवालदाराला यातले काहीच नसते. ताकदवानाच्या बाबतीत जी काळजी आपोआप घेतली जाते ती दुबळ्याच्या बाबतीत नियमाने घ्यावी लागते.

नियमाने म्हणजे कशी, याचे उदाहरणही लेंटिन यांच्याच नावाशी जोडलेले आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. चौकशीसाठी न्या. लेंटिन यांचा आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालाने रुग्णालय, पुरवठादार, औषध प्रशासन आणि मंत्रालय यांच्यावर जे ठपके ठेवले ते आजही औषध क्षेत्रातले लोक आठवतात. असा आयोग १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली काम करतो आणि त्या अधिनियमात १९७१ साली कलम ८-ख घातले गेले. चौकशीत एखाद्याची वागणूक तपासावी लागणार असेल किंवा त्याच्या लौकिकाला बाध येण्याचा संभव असेल, तर त्याला आपली बाजू मांडण्याची आणि पुरावा देण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे, असे ते कलम सांगते. पुढचे कलम त्याला उलटतपासणीचा आणि वकिलाचा हक्क देते. १९८९ साली किरण बेदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा विचार करताना माणसाच्या लौकिकाला त्याच्या जीविताच्या हक्काशी जोडले. आपल्या भाषेत याला अब्रू म्हणतात आणि गावात राहणाऱ्या माणसाला ती पगाराहून मोठी असते.

म्हणजे आयोगाला, ज्याचा अहवाल सरकार फडताळात ठेवून देऊ शकते, ऐकून घेतल्याशिवाय ठपका ठेवता येत नाही. आणि न्यायालयाला, ज्याचा शब्द बंधनकारक असतो, असे सांगणारे स्वतंत्र कलम प्रक्रिया संहितेत नाही. तिथे फक्त निकालांची परंपरा आहे आणि ती तालुक्याच्या न्यायालयात कितपत पोहोचते हे त्या त्या न्यायाधीशावर अवलंबून असते. हे अंतर मला सलते.

ठपक्याआधी उत्तर ऐकून घेण्याची रीत युरोपात कॅथलिक चर्चनेही पाळलेली दिसते. कोणाला संत म्हणून घोषित करायचे असले की त्याच्याविरुद्ध आक्षेप काढणारा अधिकारी नेमलेला असे, ज्याला लोक सैतानाचा वकील म्हणत. त्याच्या लेखी आक्षेपांचे नाव 'अनिमाद्वर्सिओनेस' असे होते, म्हणजे हाच शब्द. प्रत्येक आक्षेपाला दुसऱ्या बाजूने लेखी उत्तर द्यायचे आणि दोन्ही कागद एकत्र ठेवून मग निर्णय करायचा. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती पद्धत बदलली, पण तोवर कित्येक पिढ्या मेलेल्या माणसालाही उत्तराचा हक्क होता.

तोंडी ताशेऱ्यांचा प्रश्न अलीकडचा आहे. २६ एप्रिल २०२१ रोजी, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्यांवर बहुधा खुनाचे गुन्हे दाखल करायला हवेत अशा आशयाचे उद्गार सुनावणीत काढले. आदेशात ते नव्हते, तरी तासाभरात देशभर गेले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०२१ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी सांगितले की जे नोंदीवरच नाही ते काढून टाकण्याचा प्रश्न येत नाही, सुनावणीचे वार्तांकन करण्याचा माध्यमांचा हक्क राहील, आणि न्यायाधीशांनी ओघात बोलताना भाषा जपावी. निकाल मला पटतो. त्यातून एक गोष्ट उघडी पडते: लिहिलेला शेरा निदान खोडता येतो, बोललेला खोडताही येत नाही.

आता भाषेबद्दल, जे माझ्या रोजच्या कामाचे आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, आणि त्याबद्दल या पत्रात काही मागायचे नाही. पण जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा महाराष्ट्रात १९९८ पासून मराठी आहे. तरी फौजदारी निकाल मोठ्या प्रमाणात इंग्रजीत लिहिले जातात, आणि ज्या साक्षीदाराची साक्ष मराठीत नोंदवली गेली त्याच्यावरचा ठपका इंग्रजीत येतो. त्याने सांगितले ते न्यायालयाला कळले, न्यायालयाने त्याच्याबद्दल सांगितले ते त्याला कळत नाही. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची प्रादेशिक भाषांतली भाषांतरे लोकांना उपलब्ध होऊ लागली, ही मोठी गोष्ट आहे. त्या भाषांतरांवर एक सूचना असते की ती पक्षकाराला समजण्यापुरती आहेत, अधिकृत मजकूर इंग्रजीच. ते स्वाभाविक आहे. पण ताशेरे पक्षकार नसलेल्यावर असतात आणि त्याच्यासाठी भाषांतर करून देण्याची जबाबदारी कोणावरच नाही. म्हणून तो माझ्यासारखीकडे येतो आणि पानाप्रमाणे पैसे देऊन स्वतःची निंदा विकत घेऊन वाचतो.

खालची न्यायालये आपल्या देखरेखीखाली आहेत, म्हणून आपल्याकडे काही मागणे आहे. साक्षीदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या वागणुकीवर प्रतिकूल लिहिण्याआधी त्याला दोन ओळींची मराठी नोटीस जावी, त्याचे उत्तर नोंदीवर यावे आणि ते उत्तर का पटले नाही हे निकालात एका वाक्यात तरी दिसावे. यासाठी संहितेत बदल लागणार नाही, आपले एक परिपत्रक पुरेल. घाईच्या खटल्यात हे जमणार नाही असे कोणी म्हणेल. तिथे न्यायाधीशांना पर्याय आहे: पुरावा नाकारावा, कारण द्यावे आणि माणसाबद्दल लिहू नये. 'ही साक्ष विश्वासार्ह वाटत नाही' हे निर्णयासाठी पुरेसे असते. 'हा साक्षीदार विकला गेला आहे' हे लिहायला वेगळा पुरावा लागतो.

एखादीने अत्याचाराची फिर्याद दिली आणि तपास अधिकाऱ्याने ती आठवडाभर दाबून ठेवली, तर त्याला विचारून त्याच्यावर खुशाल लिहावे, कडक लिहावे, वरिष्ठांकडे पाठवावे. पण त्याच निकालात फिर्यादी बाईच्या राहणीबद्दल, तिच्या उशिरा घरी येण्याबद्दल जी वाक्ये येतात ती तिसऱ्या कसोटीला कधीच उतरत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांबद्दलच्या साचेबंद भाषेवर न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली ती याच कारणाने. उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत नवे न्यायाधीश येतात तेव्हा ती पुस्तिका आणि १९६३ चा निकाल त्यांच्या हाती एकत्र द्यावा, मराठीत, आणि त्यांच्याकडून प्रतिकूल परिच्छेद लिहून घ्यावेत, तपासावेत. आरोपपत्र वाचायला शिकवतो तसे हेही शिकवता येते.

ताशेऱ्यांचा परिच्छेद मराठीत असावा आणि त्याची प्रत त्या माणसाला न्यायालयाने स्वतः पाठवावी. त्याला ते वर्तमानपत्रातून किंवा खात्याच्या नोटिशीतून कळू नये.

आणि एक शेवटचे. वरच्या न्यायालयाने शेरे काढून टाकले तरी मूळ निकाल जसाच्या तसा खालच्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर राहतो, निकाल साठवणाऱ्या खासगी कंपन्यांकडे राहतो, कोणी केलेल्या भाषांतरातही राहतो. काढून टाकण्याचा आदेश आला की ज्या न्यायालयाने निकाल दिला त्याच्या निबंधकाने त्या परिच्छेदासमोर आदेशाची तारीख आणि क्रमांक घालावा आणि भाषांतराच्या प्रतीतही तीच नोंद करावी. तो हवालदार येत्या वर्षी निवृत्त होतो. त्याचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित आहे. तो मंजूर झाला तर मी केलेल्या मराठी प्रतीवर तशी नोंद कोणी करायची, हे सांगणारा एकही नियम मला अजून सापडलेला नाही.

आपली नम्र,
एक न्यायालयीन भाषांतरकार